हरळी सोडून

हरळी म्हणजे शेतकऱ्याची सात जन्मांची वैरीण. कुदळीनं खणा, नांगरून काढा, मुळीचा एक तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. आणि कोल्हापूरबाहेरच्या माळावर, गोल्फच्या मैदानात, हीच हरळी जगावी म्हणून मी तीन वर्षं रक्त आटवत होतो. आसपासचे लोक मला खुळ्यात काढायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं.

सत्तर सालानंतर काही वर्षं मी तिथं सुपरवायझर होतो. ज्या जागेवर चेंडू भोकात घालायचा तिला ग्रीन म्हणतात. आमची ग्रीन म्हणजे जळकं ऑईल ओतून दाबलेली वाळू. क्लबचे अध्यक्ष लष्करातून निवृत्त झालेले. त्यांना निदान एक तरी खऱ्या गवताची ग्रीन हवी होती. तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी सरळ सांगितलं, "गुढीपाडव्याला एक ग्रीन हिरवी दिसली तर मैदान चालवू. नाहीतर माळ मालकाला परत." म्हणजे माझी आणि दहा माणसांची भाकरी त्या गवतावर आली.

दहा माणसं आपली कागदावर. पाऊस लागला की निम्मी भाताच्या रोपलागणीला पळायची, पाऊस संपला की गुऱ्हाळावर. मी चिडायचो, शिव्या द्यायचो. पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या वर्षी लावलेल्या मुळ्या पावसानं मातीसकट ओढ्यात नेल्या. दुसऱ्या वर्षी विहीर आटली आणि उन्हानं जाळल्या. तिसऱ्या खेपेला मात्र हरळीनं जीव धरला. माघ संपता संपता पंधरा पावलांचा तो गोल हिरवागार झाला. मी सकाळी चप्पल काढून नुसता त्याच्यावर उभा राहायचो. लाज वाटावी इतका आनंद व्हायचा.

पाडवा आठ दिवसांवर आला तेव्हा मैदानावर माणसं होती दोन, तीही दिवसभर पलीकडं विहिरीवर पाणी उपसत. बाकीची बिद्रीकडच्या एका गुऱ्हाळावर. शेवटी जवळच्या वाडीतल्या एका म्हातारीला आणि तिच्या दोन सुनांना खुरपणीला बोलावलं. हिरवळीत मधे मधे गाजरगवत आणि लव्हाळा उठला होता. मी घाईत होतो. हात करून सांगितलं, "मावशी, इथलं सगळं तण काढा. एक काडी ठेवू नका." आणि गुऱ्हाळाची वाट धरली.

तिथं माझी माणसं रसाच्या कायलीखाली चुलाण्यात उसाची चिपाडं सारत होती. त्यांनी मला रस पाजला, गरम गूळ हातावर ठेवला. "येतो की सायेब, पाडवा झाला की." मी म्हटलं, पाडव्याआधी या. "कायलीत रस हाय, टाकून कसं यायाचं?" मी त्यांच्यापुढं हात जोडले, आणि जोडले याचाच मला राग आला. एकही जण आला नाही.

दुपारी परतलो तर मैदानात धूर दिसला. ग्रीनच्या जागी भुसभुशीत लाल माती होती आणि कडेला हरळीच्या मुळ्यांचा ढीग जळत होता. म्हातारी घामानं निथळत होती. मला बघून तोंडभर हसली.

"लई माजलीती ओ सायेब. जेवायला बी उठलो न्हाय. एक मुळी ऱ्हाऊ दिली न्हाय बघा. जाळली, न्हाईतर परत फुटती."

खुरप्याची मूठ सैल दिसली तरी मी खेकसणारा माणूस. त्या दिवशी मी खाली बसून माती हातानं चाळली, तर खरंच एक मुळी नव्हती. इतकं नेटकं काम माझ्या दहांपैकी एकानंही कधी केलं नव्हतं. आयुष्यभर ती ज्याला तण समजत आली तेच तिनं काढलं. 'हरळी सोडून' एवढे दोन शब्द सकाळी माझ्याकडून बोलायचे राहून गेले होते. संध्याकाळी गारांचा वळीव झाला आणि मोकळी केलेली सगळी माती धुपून खाली मुरूम उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अध्यक्ष गारांचं नुकसान बघायला आले. मुरमाकडे बघून त्यांनी विचारलं, "हे खणायला कुणी सांगितलं?"

म्हातारी शेजारीच दगड वेचत होती. काय घडलं ते तिला एव्हाना विहिरीवरच्या गड्यानं सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"कुणी न्हाय. सायेब गावाला गेलतं. माझं मीच काढलं. अडाण्याला काय कळतंय."

खरं काय ते ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. भ्यालो, दुसरं काही नाही. तिला कामावरून जायला सांगितलं, तेही मीच. जाताना ती एवढंच म्हणाली, "सुनांस्नी तेवढं ठिवा. त्यांची चूक न्हाय." मी मान हलवली.

चूक माझी नाही असं ठरल्यामुळं मला पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली. पुन्हा मुळ्या लावल्या, पुन्हा पावसानं नेल्या आणि मैदान बंद झालं. उद्यापासून येऊ नका, हे सुनांना सांगायचं कामही माझ्यावरच आलं. धाकटी खुरपं उचलून निघाली. थोरली थांबली.

"आमचं ऱ्हाऊ द्या सायेब, आमी जाऊ कुठंबी. आमच्या सासूला मातूर आता कुणी खुरपायला बोलवीत न्हाय. म्हणत्यात, म्हातारीला तण कळत न्हाय."