डंकावर पारखलेला फोन
चटणीचा हंगाम आला, पहिला ठसका लागला की मला तो फोन घेतलेला दिवस आठवतो. मिरची कुटणाऱ्या माझ्या डंकाच्या धडधडीत जुन्या फोनची रिंग ऐकू यायची नाही. गारगोटीला एकटी राहणारी आई न्हाणीत पडली, तेव्हा तिचे फोन असेच वाजून गेले होते. म्हणून दुकानदाराला दोन फोन घेऊन डंकावरच बोलावलं. "वहिनी, कॅमेरा तर बघा की!" तो शिंकत ओरडला. "कॅमेरा ऱ्हाऊ दे, आधी वाजवा!" एकही रिंग ऐकू आली नाही. मग दोन्ही फोन कमरेला खोचले. ज्याची थरथर जाणवली तोच घेतला, गिऱ्हाइकांच्या आणि आईच्या फोनसाठी मिळून एकच. आता आई माझ्याकडेच असते, समोर बसून मिरच्यांचे देठ खुडते. तरी डंक सुरू झाला की माझा हात कमरेकडे जातो.