कानांनी मांडलेली खोली

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनच्या टाउनहाउसमध्ये सोफा आला. पाच तुकड्यांचा सेक्शनल होता तो. एक कोपऱ्याचा तुकडा, दोन बिनहातांचे, एक हाताचा आणि एक पाय पसरून बसायचा लांबट. शिवाय पाय ठेवायला त्याच कापडाचं एक बुटकं, चौकोनी ऑटोमन. घर घेऊन आठ महिने झाले होते, आणि तोवर लिव्हिंग रूममध्ये एक गादी, खोक्यावर ठेवलेला टीव्ही आणि लेकीची तीनचाकी सायकल एवढंच होतं.

माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. पुण्यात सहा वर्षं बँकेत काम केलेली मी इथे दिवसभर फर्निचरचे कॅटलॉग चाळत बसायचे. कुठल्या पानावर कुठली खोली आहे ते मला पाठ झालं होतं. त्यामुळे सोफा कसा मांडायचा याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. दोन भिंतींना चिकटवून मोठ्ठा एल, समोरच्या कोपऱ्यात टीव्ही, मध्ये भरपूर मोकळी जागा. नवरा दारात उभा राहून बघत म्हणाला, "एकदम हॉटेलची लॉबी वाटते गं." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तीन आठवड्यांनी नागपूरहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. काचबिंदूने चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. त्याआधी एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डावर पिना खुपसत, ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. आमच्या लग्नात त्यांना दिसत होतं. नंतरच्या भेटी दोन-दोन आठवड्यांच्या. दृष्टी गेलेल्या सासूबाईंबरोबर सलग राहायची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती.

नवऱ्याच्या हाताला धरून त्या आत आल्या, लिव्हिंग रूमच्या तोंडाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं सामान यायचंय का अजून?"

"नाही आई," मी म्हणाले. "सगळं लागलंय. चांगला मोठा सोफा घेतलाय."

"मग आवाज असा रिकामा काहून येऊन राहिला?"

नवरा हसला. मी हसले नाही. आठ महिने मनात रंगवलेल्या खोलीबद्दल त्यांनी काढलेले ते पहिले उद्गार होते.

दोन दिवसांत सासूबाईंनी घर शिकून घेतलं. शिकून घेतलं हाच शब्द बरोबर. खोलीपासून बाथरूमपर्यंत सात पावलं, जिना तेरा पायऱ्यांचा, स्वयंपाकघराच्या ओट्याची कड कुठे संपते, सगळं. फक्त लिव्हिंग रूम त्यांना जमेना. तिथे हाताला काही लागायचंच नाही. जिन्यापाशी भिंत संपली की सोफ्यापर्यंत नुसता गालिचा. त्या हात पुढे करून, एकेक पाऊल चाचपत जायच्या, सोफ्याच्या टोकाला बसायच्या आणि मग गप्पच राहायच्या. संध्याकाळी नवरा दुसऱ्या टोकाला, लेक टीव्हीसमोर खाली, मी मध्ये कुठेतरी. आम्ही एकमेकांशी जवळजवळ ओरडूनच बोलायचो, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी मी ऑटोमन दोन हात अलीकडे ओढलं. कारण काही नाही. कॅटलॉगमधल्या फोटोत ते तसं तिरकं ठेवलेलं होतं, म्हणून. अर्ध्या तासाने मी स्वयंपाकघरात असताना धप्पकन आवाज आला. धावत गेले तर सासूबाई गालिच्यावर पडलेल्या, उजवं मनगट पोटाशी धरून.

मनगटाला बारीक फ्रॅक्चर निघालं. नवरा ऑफिसमधून धावत आला. प्लॅस्टर घालून आम्ही घरी आलो आणि पाठोपाठ लेक शाळेतून आली. साडेपाच वर्षांची होती ती. तिने आजीच्या हाताकडे बघितलं, मग ऑटोमनकडे, आणि मला विचारलं, "मम्मा, डिड यू मूव्ह इट?"

नवरा माझ्याकडे बघू लागला. मी म्हणाले, "हो. मीच हलवलं."

सासूबाई सोफ्यावर टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हलवलं तर हलवलं. तुझंच घर आहे. मला सांगायचं होतं नं पण."

बस, एवढंच. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही, त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र रात्रंदिवस तेच घोकत होते.

दोन दिवसांनी, नवरा ऑफिसला गेल्यावर, त्यांनी मला हाक मारली. "सहा आठवडे काही मला घराबाहेर पडता येत नाही. चल, ही खोली लावू आपण. एखादा दिवाळी अंक आण आणि मी सांगते तिथं बसून वाच."

मला वाटलं, त्यांना कंटाळा आलाय. मी अंक आणला. त्यांनी मला भिंतीजवळ बसवलं, स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या. मी चार ओळी वाचल्या. "आता काचेच्या दाराजवळ बस." पुन्हा चार ओळी. "आता इथं, मधे." मग मला उभं करून त्या बसल्या. असं तासभर चाललं. मध्येच त्या बोट वर करून थांबवायच्या.

"फ्रिजची गुणगुण इथवर येते. इथं बसलेला माणूस आपोआप जोरात बोलेल."

"काचेजवळ शब्दाचं शेपूट तुटतं बघ. 'गेला' की 'गेली', कळत नाही."

"आणि ही जाळी," पायाने जमिनीतली हीटरची जाळी चाचपत त्या म्हणाल्या, "हिच्यावर कोणाला बसवू नको. हवा सुटली की खुळखुळ वाजते."

मी त्या खोलीत नऊ महिने राहिले होते. जाळी वाजते हे मला माहीत नव्हतं. फ्रिज गुणगुणतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि मग दिवसभर ऐकतच राहिले.

दुपारी त्या डावा हात गालिच्यावर टेकून बसल्या. थोड्या थोड्या वेळाने हात सरकवायच्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ऊन कुठवर येतं ते त्या शोधतायत. लेक शाळेतून आल्यावर तिलाही कामाला लावलं. सोफा जिथे यायला हवा तिथून आजी चालायची, आणि ती पाय ठेवेल तिथे लेक कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायची. तास-दीड तासाने गालिच्यावर एक मोठा, वाकडातिकडा आकार उमटला. लेक सोफ्यावर चढून तो वरून बघत ओरडली, "आजी, इट लुक्स लाइक अ बोट!"

"होडी म्हण," आजी म्हणाली.

"होडी," लेक म्हणाली.

नवरा घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं आणि हळूच म्हणाले, "अरे, पण सोफा खोलीच्या मध्यात येतोय. दारातून आलं की त्याची पाठ दिसेल. विचित्र नाही दिसणार?"

सासूबाईंच्या कानाला काय, भिंतीपलीकडचंही ऐकू यायचं. त्या म्हणाल्या, "पाठ असली की तिच्यावर हात ठेवून चालता येतं."

आम्ही तुकड्यांच्या खालच्या लोखंडी कड्या सोडवल्या. कोपऱ्याचा तुकडा भिंतीपासून निघून खोलीच्या मध्याजवळ आला. एका बाजूला बिनहाताचा आणि लांबट, दुसऱ्या बाजूला उरलेले दोन, पण काटकोनात नाही, किंचित आत वळवलेले. टीव्ही एका बाजूला गेला. ऑटोमन मध्यभागी, सगळ्यांचे पाय पोचतील असं. सोफ्याच्या मागून जिन्यापर्यंत एक अरुंद वाट तयार झाली. सासूबाई शेवटच्या पायरीवरून उतरल्या, डावा हात सोफ्याच्या पाठीवर ठेवला आणि सरळ चालत, न अडखळता, न चाचपता, वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसल्या. घरात आल्यापासून त्यांना त्या चालीने चालताना मी बघितलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर जाताना त्या अशाच चालत असतील.

पुढचे काही दिवस सजावटीचे. माझ्यासाठी म्हणून त्यांनी आपल्या सात-आठ जुन्या साड्या आणल्या होत्या. त्या सोफ्यावर पसरून, काठावरून अंगठा फिरवत सांगायच्या, "ही जांभळी इरकल. ही नारायणपेठ, मोरपंखी." एकदाही चुकल्या नाहीत. मग त्यांनी नातीला विचारलं, "सोफ्याचा रंग कसा आहे गं?"

"ब्राउन," लेक म्हणाली.

"ब्राउन म्हणजे कसा? कशासारखा?"

लेकीने बराच वेळ विचार केला. "लाइक अ कार्डबोर्ड बॉक्स. व्हेन इट गेट्स वेट."

"हां, ओला पुठ्ठा," आजी खूश झाली. "मग त्याच्यावर लाल भडक नको. वांग्याचा जांभळा पाहिजे, आणि एखादा पिवळा, फार नाही."

मी त्या साड्यांचे उशांचे अभ्रे शिवले. ओल्या पुठ्ठ्यावर तो जांभळा जेव्हा ठेवला, तेव्हा मी दोन पावलं मागे जाऊन बघतच राहिले. माझ्या सगळ्या कॅटलॉगांत असा रंग नव्हता. आणि तो ज्यांनी जुळवला त्यांना तो दिसतही नव्हता.

दिवा कुठे ठेवायचा यावरून मात्र माझी जीभ घसरली. त्या म्हणत होत्या की उंच दिवा कोपऱ्यात नको, बसणाऱ्यांच्या तोंडावर मंद उजेड पडेल असा हवा. मी म्हणाले, "आई, तुम्हाला दिव्याचा काय..." आणि तिथेच थांबले.

त्या रागावल्या नाहीत. "मला नाही, तुम्हाला. एकतीस वर्षं लोकांना फोनवर बोलताना ऐकलंय मी. समोरच्याचा चेहरा दिसत नाही म्हणून माणसं ओरडतात. चेहरा दिसला की आवाज खाली येतो."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "आता डोळे मिट. लगेच उघडू नको."

मी डोळे मिटले. सुरुवातीला काहीच नाही, आपण उगाच बसलोय असं वाटत राहिलं. मग हळूहळू खोली ऐकू यायला लागली. नवरा संत्रं सोलत होता, सालीचा तो बारीकसा फाटल्याचा आवाज आला आणि मागोमाग वास. तो माझ्यापासून किती हातांवर बसलाय हे मी नेमकं सांगू शकले असते. लेक गालिच्यावर चित्र काढत होती आणि रंग देताना तोंडातल्या तोंडात काहीतरी बडबडत होती, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. तिच्या आजीला ती बडबड रोज ऐकू येत असणार. मी आई असून कधी ऐकलं नव्हतं. कोणीही आवाज चढवत नव्हतं. आमच्या चौघांचे श्वास, हालचाली, शब्द त्या वळवलेल्या सोफ्याच्या आत जमा झाल्यासारखे, हात लांब केला तर हाताला लागतील इतके जवळ. मी डोळे उघडले तेव्हा भरून आले होते. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "आलं नं ऐकू?"

प्लॅस्टर निघाल्यावर जूनमध्ये समोरच्या घरातली अमेरिकन आजी आमच्याकडे केक घेऊन आली. ती खोली बघून दारातच थांबली. कोणी मांडली असं तिने विचारलं आणि मी सांगितल्यावर तिला वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक होतेय. मग म्हणाली, माझ्या नवऱ्याला वर्षापूर्वी स्ट्रोक आला, तो दिवसभर आमच्या लिव्हिंग रूममध्ये बसून असतो, तुमच्या सासूबाई एकदा येतील का?

आम्ही तिघी गेलो. मी, सासूबाई आणि हौसेने दुभाषी झालेली लेक. खोली फार सुंदर होती. आजोबा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, आजीची खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला. आजी हळू आवाजात म्हणाली की तो ठीक आहे, चालतो थोडंफार, पण बोलणं जवळजवळ सोडलंय. विचारलं तरी उत्तर देत नाही.

सासूबाई खोलीच्या मध्यात उभ्या राहिल्या. काही हलवा म्हणाल्या नाहीत. लेकीला म्हणाल्या, "जा, आजोबांना तुझं नाव सांग. या बाजूने." लेकीने उजवीकडून सांगितलं. काही नाही. "आता त्या बाजूने." लेक वळसा घालून डावीकडे गेली आणि तिने पुन्हा नाव सांगितलं. आजोबांनी मान वळवली, तिच्याकडे बघितलं आणि खरखरीत आवाजात तिचं नाव परत उच्चारलं.

"त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाहीये," सासूबाई मला म्हणाल्या. "सांग त्यांना. खुर्ची त्या बाजूला घ्या म्हणावं."

मी सांगितलं. वर्षभर ती आजी त्यांच्या उजव्या हाताला बसून बोलत आली होती. मग मी आणि तिने मिळून तिची खुर्ची उचलली आणि डावीकडे आणून ठेवली. ती बसली, त्यांच्याकडे वाकली आणि चहा घेणार का असं अगदी हळू विचारलं.

"कॉफी," आजोबा म्हणाले.