बारीक दोरी

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात नवऱ्याने देवगडला माझ्या वडिलांबरोबर मासे गरवायला जायचं ठरवलं. तो जयपूरमध्येच वाढलेला, कॉलेजात शिकवणारा, मराठी अडखळत बोलणारा. जायच्या आधी त्याने फोन करून विचारलं, "बाबा, गळाला लाइन कौनसी... मतलब, कोणती घेऊ?"

"बारीक घेवा," बाबा म्हणाले. "जाड तंगूस माशाक दिसता."

त्याने दुकानातली सगळ्यात बारीक दोरी घेतली. खडकावरून गरवताना ती टिकत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक. मोठा मासा लागला, दोरी खडकाच्या धारेवर घासून तुटली आणि हा मागच्या मागे आपटला. बाबांनी मुद्दाम बोलावलेली मंडळी पोट धरून हसली. "वाळवंटातलो जावय!" बाबा ओरडले. नवराही हसला, पण कानापर्यंत लाल होऊन.

पुढे आई गेली. अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा मी त्यांना जयपूरला, राजा पार्कातल्या आमच्या घरी आणलं. नवऱ्याने हरकत घेतली नाही. उलट संध्याकाळी मोबाइल घेऊन तो त्यांच्या पलंगाशी बसायला लागला.

"बाबा, पुढच्या महिन्यात देवगडला जाऊ. खडकावर कोणती लाइन चालेल?"

बाबा खुलायचे. विणलेली दोरी ताकदीची, पण खडकावर कापली जाते. म्हणून गळाजवळ हातभर जाड नायलॉनची तंगूस बांधायची, गाठ ओली करून आवळायची. डाव्या हाताने ते गाठ दाखवायला बघायचे. जमायची नाही. हा शांतपणे बघत राहायचा.

महिना उलटला की म्हणायचा, "सुट्टी नाही मिळाली." आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायचा.

"का छळतोस त्यांना?" मी स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"सल्लाच तर मागतोय. तेव्हाही मागितला होता."

एका संध्याकाळी बाबांनी त्याला मध्येच थांबवलं. "जावयबापू, आपण खय जावचे नाय, ह्या माका पयल्याच दिवशी कळला. पण विचारीत ऱ्हवा. हय माझ्याशी आणखी कोण बोलता?"

मी दारातच उभी होते.

नवऱ्याने मोबाइल खिशात टाकला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याने त्या खोलीत बसणंच सोडलं. त्याच्या जागी मी जाऊन बसले.

"तुका गरवण्यातला काय कळता?" बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.