सासूबाईंचे चोर खापरपणजोबा

माझ्या सासूबाई मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, लग्न करून न्यू जर्सीत आलेल्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना आपल्या घराण्याचा शोध घ्यायचं वेड लागलं. कॉम्प्युटरवर शोधायला सून हाताशी होतीच. त्या वर्षी मी दर रविवारी जर्सी सिटीहून त्यांच्याकडे जायचे.

त्यांचे खापरपणजोबा लंडनमध्ये एका कापडवाल्याकडे कामाला होते. मालकाचं कापड चोरलं म्हणून सात वर्षांची शिक्षा झाली आणि जहाजात कोंबून त्यांना ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर धाडलं. तिथे त्यांनी रस्त्यासाठी दगड फोडले. पळून जाताना सापडले, तेव्हा पाठीची सालटी निघेपर्यंत फटके खाल्ले. सुटल्यावर तशीच शिक्षा भोगून आलेल्या एका मोलकरणीशी लग्न केलं, मेंढ्या पाळल्या आणि म्हातारे होऊन स्वतःच्या घरात वारले.

"आईचं तोंड पुन्हा पाहिलं नाही गं त्यांनी," म्हणत सासूबाई रडल्या. मीही रडले.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात त्यांनी सगळ्यांना ही कहाणी सांगितली. "आम्ही चोराची पोरं!" म्हणून ग्लास उंचावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एडिसनमध्ये माझ्या मामेभावाला पकडलं. शिकायला आलेला, पुढे नोकरी गेली, व्हिसा संपला, तरी एका किराणा दुकानात पोती उचलत राहिला. सासूबाईंनी त्याच्या हातची थालीपिठं मागून खाल्ली होती.

"मॉम, तुमच्या चर्चमध्ये एक इमिग्रेशनचे वकील येतात ना? त्यांच्याशी बोलाल?" मी विचारलं.

"सॉरी, स्वीटी. पण त्याने कायदा मोडलाय."

"आणि तुमच्या खापरपणजोबांनी?"

"ते वेगळं. ते बिचारे गरीब होते."

नवरा शेजारीच बसला होता. "धिस इज नॉट फेअर," तो म्हणाला. मला म्हणाला.

भावाला बेड्या घालून विमानात बसवलं. मी सासूबाईंकडे जाणं बंद केलं. खापरपणजीचं जहाज शोधायचं राहिलंय, असा त्यांचा निरोप आला, तेव्हा "जमणार नाही" एवढंच कळवलं. नवरा आता एकटाच जातो.

भाऊ नागपूरला घरीच असतो. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो. मामी त्यांना सांगते, "सुटीवर आलाय."