दोघांना बोलत जाता येईल एवढी वाट

विजूमावशींच्या सोनालीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावत होतो. ॲरिझोनातल्या चँडलरचा उन्हाळा नुकता कुठे मावळू लागला होता, सकाळी काच खाली करून गाडी चालवता येत होती. "दादा, आई इज गॉन," ती म्हणाली. "आज पहाटे. इन हर स्लीप." ती जर्सी सिटीत, मी इथे… मध्ये अख्खा देश. मी आत गेलोच नाही. गाडीत बसून नाशिकला नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावला. तिकडे जेवणं उरकली असतील. नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "गेल्या खेपेला उतारावर त्यांचा हात थरथरत होता रे. मी मुद्दाम बोललो नाही." आणि त्यांनी फोन माझ्या आईच्या फोटोखालच्या टेबलावर तसाच ठेवून दिला असावा, कारण पंख्याचा आवाज मला कितीतरी वेळ ऐकू येत होता.

विजूमावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. मंडळाच्या गणपतीत एकदा प्रसादाच्या रांगेत मी त्यांना खुर्ची आणून दिली, तर म्हणाल्या, "खुर्ची राहू दे, तो मसालेभात संपायच्या आत मला वाढून आण." ती आमची ओळख. डाव्या पायात लहानपणीच्या पोलिओमुळे लंगडेपण होतं, हातात काठी असायची. इथल्या एका कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं गणित शिकवलं. नवरा लवकर गेला, एकुलती एक मुलगी सोनाली पूर्वेला नोकरीला. पण मावशींना शनिवारी सकाळी घरी गाठणं अवघड. त्या डोंगरात असायच्या. त्या पायाने आणि त्या काठीने!

गंमत अशी, की लहानपणी त्या एकही डोंगर चढल्या नव्हत्या. माहेर साताऱ्याचं. शाळेची सहल किल्ल्यावर निघाली की बाई सांगायच्या, "विजू, तू खाली थांब, सगळ्यांचे डबे सांभाळ." त्या पायथ्याशी बसून राहायच्या. मुली खाली आल्या की विचारायच्या, वरून काय दिसतं गं? "एक म्हणायची नदी, एक म्हणायची आपली शाळा, एक म्हणायची काही नाही, नुसतं ऊन. तेव्हाच मी ठरवलं, दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही." हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठे कडवटपणा नसायचा. पुढे लग्न होऊन ॲरिझोनात आल्यावर कुणीतरी त्यांना सहज म्हणून वर रिमवर, म्हणजे पठाराच्या लांबच लांब कड्यावर, नेलं. आमच्या वाळवंटातून गाडी चढत जाते, आधी हात वर केलेले सग्वारो निवडुंग, मग ठेंगणी जुनिपरची झाडं, आणि पेसन गाव मागे पडलं की एकदम उंच पाइनचं रान, गार हवा. तिथे हजारो फूट वर, कड्याच्या काठाकाठाने एक सपाट डांबरी वाट गेलेली आहे. काठी टेकत कुणीही जाईल अशी. मावशी त्या वाटेने कड्यापर्यंत गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वरून खाली पाहिलं. "या देशाने मला दोन गोष्टी दिल्या," त्या म्हणायच्या, "ऑटोमॅटिक गाडी आणि सपाट वाट. एका पायाला एवढं पुरतं."

तेव्हापासून सोप्या वाटा शोधणं हा त्यांचा ध्यासच झाला. प्रेस्कॉटकडचे ग्रॅनाइटचे खडक, फ्लॅगस्टाफजवळची तळी आणि कुरणं, रिमच्या काठची जंगलं… आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी त्या एकट्या जाऊन वाट तपासून यायच्या. जंगलखात्याच्या रेंजरच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. "ते सहा फुटी लोक, त्यांना सगळंच ईझी!" सावली कुठे आहे, बसायला ओंडका आहे का, बाथरूम किती लांब, मोठ्या मुळ्या वर आल्यात का, हे सगळं त्या बघायच्या. पण त्यांची शेवटची कसोटी वेगळीच होती. दोघांना शेजारी शेजारी चालता आलं पाहिजे. "एकामागोमाग गेलं की बोलता येत नाही. मग चालायचं कशाला?" अशा पास झालेल्या वाटांवर त्या लोकांना घेऊन जायच्या. भारतातून आलेले आईवडील, जे इथे मुलांच्या घरात सहा महिने खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. दिवस गेलेल्या मुली. कुणी हॅट विसरलं तर रागावायच्या, पाण्याची बाटली अर्धीच भरली असेल तर गाडी सुरू करायच्या नाहीत. आणि कुणी कौतुकाने 'यू आर सो इन्स्पायरिंग' म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "मी फिरायला आलेय. कुणाला प्रेरणा द्यायला नाही."

एकदा प्रणव नावाचा एक विद्यार्थी आमच्याबरोबर आला. पुण्याचा, टेम्पीला एमएस करणारा, सह्याद्रीतले सगळे अवघड कडे पालथे घातलेला. निम्म्या वाटेत म्हणाला, "मावशी, यार, हा तर जॉगिंग पार्क आहे!" मावशी म्हणाल्या, "आहेच. चल." पुढच्या वळणावर झाडं संपली आणि पायाखालची जमीनच संपली. खाली नजर पोचेल तिथवर हिरवं रान, त्याच्यापलीकडे निळे डोंगर, एकामागे एक. प्रणव जागीच थांबला. त्याला काही सुनावण्याची केवढी सोन्यासारखी संधी होती, पण मावशींनी फक्त पिशवीतून चकल्या काढून त्याच्यापुढे धरल्या. पुढे तो दर महिन्याला यायला लागला. त्यानेच एका जुलैत पुढे जायचा हट्ट धरला होता. तिकडे उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात. पश्चिमेला काळे ढग दिसले आणि मावशींनी काठी वळवली. "मावशी, थोडंच राहिलंय!" "राहू दे." सगळे कुरकुरत गाडीपाशी आलो आणि ढग पांगले, लख्ख ऊन पडलं. प्रणव म्हणाला, "ढगसुद्धा तुम्हाला घाबरले." मावशी खदखदून हसल्या. "चुकले बाबा. पण चुकायचंच असेल तर गाडीत बसून चुकावं."

मी त्यांचा कायमचा ऋणी आहे ते मात्र नानांमुळे. आई गेल्यावर मी नानांना इथे घेऊन आलो. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य गेलेला, शंभर माणसांशी मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. इथे येऊन मुका झाला. पडदे ओढून सोफ्यावर बसायचे. जेव म्हटलं की जेवायचे. माझी बायको, मुलं, मी, सगळे त्यांच्याभोवती दबकत वावरत होतो. एका संध्याकाळी मावशी आल्या, सांत्वनाचा एक शब्द न बोलता समोर बसल्या आणि म्हणाल्या, "नाना, माझा चांगला पायसुद्धा हल्ली दगा द्यायला लागलाय. पोलिओ म्हातारपणी परत फिरून येतो म्हणतात. उतारावर मला हात लागतो. शनिवारी याल का?" नंतर पुष्कळांनी मला म्हटलं, काय युक्ती केली मावशींनी! पण ती युक्ती नव्हती. त्यांना खरोखरच हात हवा होता, आणि नानांनाही ते दिसलं. म्हणूनच ते उठले.

पहिल्या काही खेपांना दोघं नुसते चालायचे. उतार आला की नाना हात पुढे करायचे, सपाट लागलं की काढून घ्यायचे. एका दुपारी मावशी एका म्हाताऱ्या पॉन्डेरोसा पाइनपाशी थांबल्या. साल तांबूस, भेगाळलेली, उन्हाने तापलेली. "नाना, त्या भेगेत नाक घाला आणि वास घ्या." मला वाटलं, नाना ऐकणार नाहीत. पण त्यांनी दोन्ही हात खोडाला टेकवले आणि वाकले. मग तसेच राहिले. "नानकटाई," ते म्हणाले. "अमोल, नानकटाई रे! तुझी आई दिवाळीत पत्र्याचे ट्रे भरून बेकरीत द्यायची, आणि मी ते सायकलवरून…" नाशकात, स्मशानातसुद्धा, न रडलेले माझे वडील त्या झाडाला धरून रडले. मी त्यांच्याजवळ जायला निघालो तर मावशींनी मला काठीने अडवलं. परतीच्या सगळ्या वाटेवर नाना बोलत होते. आईचं माहेर, आईचा राग, आईने चोरून पाहिलेलं नाटक… मला माहीत नसलेली आई मला त्या दिवशी कळली. मावशी शेजारून चालत होत्या आणि फक्त "मग?" म्हणत होत्या.

पुढे नाना नाशिकला परतले. या वर्षी ते पुन्हा इथे आले तोवर मावशींचा श्वास कमी पडायला लागला होता. छातीचे स्नायू थकलेत, उंचावर ऑक्सिजनशिवाय जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एक महिना त्या चिडून घरात बसल्या. कुणाचा फोन घेतला नाही. मग एके दिवशी स्वतःच म्हणाल्या, "ते मशीन घेऊ, पण जाऊ." मे महिना होता. मी गाडी चालवली. रिमवर वॉकरला ऑक्सिजनचं छोटं मशीन अडकवून त्या निघाल्या, एका बाजूला नाना. त्यांचीच आवडती डांबरी वाट. चार पावलं, थांबायचं. चार पावलं, थांबायचं. झाडांमधून कड्यापलीकडचा उजेड दिसायला लागला होता. एका बाकापाशी त्या थांबल्या. "अमोल, बास. इथून परत."

"मावशी, समोरच तर आहे…"

त्या वॉकर वळवून बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन या."

नाना बाकावर बसले. "मला चहा हवाय," म्हणाले आणि थर्मास उघडू लागले. तिघं बसलो. वारा पाइनच्या शेंड्यांतून जाताना लांबून पाणी वाहतंय असा आवाज येतो, तो येत होता. चहा ओतता ओतता नानांनी विचारलं, "विजयाताई, वाईट वाटलं का?"

"वाटलं तर! वाटायला नको का?" त्यांनी दम घेतला. "पण नाना, लहानपणी मला दुसऱ्यांनी खाली थांबवलं होतं. आज मी थांबलेय. त्यात फार फरक आहे हो."

चहा झाल्यावर उतारावर नानांनी हात दिला. तेव्हाच मावशींचा हात थरथरत असणार. मला मागून कळलं नाही.

सोनाली आली, सगळं पार पडलं, घर आवरलं. परत जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "दादा, लेट्स गो अप. मी आईबरोबर कधी गेलेच नाही. मला मोठे माउंटन्स हवे असायचे." मावशींचीच गाडी काढली. सोनाली चांगली उंच. ड्रायव्हरच्या सीटवर बसली तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. मावशी ठेंगण्या, सीट पार पुढे ओढलेली. ती तशीच अवघडून बसून राहिली, दोन्ही हात चाकावर. मी म्हटलं, "अगं, मागे घे ना." ती म्हणाली, "घेतली की परत इथे येणार नाही ना, दादा." मग तिनेच खाली हात घातला आणि खटका ओढला. सीट करकरत मागे सरकली, आणि खालच्या रुळातून वाळलेल्या पाइनच्या सुया, तांबडी माती, चकलीचा एक तुकडा, असं काय काय वर आलं. सोनाली वाकून बघत राहिली.

"शी नेव्हर क्लीन्ड धिस कार, डिड शी?"

"कधीच नाही," मी म्हटलं.

आई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग आरसा तिच्या उंचीला लावून घेतला आणि आम्ही वर निघालो.