सासूबाईंच्या तांब्याची हाक

सासूबाई गेल्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला त्यांनी आबांना वरून हाक मारली. ती हाक मी तयार केली होती.

तयार करताना मला ते माहीत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. मी मुळात कमी बोलणारा माणूस. आमच्याकडे याचं फार कौतुक आहे. ‘जावई किती शांत!’ असं आल्यागेल्याला सांगतात. आत काय दडवून ठेवलंय म्हणून मी शांत असतो, हे आजवर कोणी विचारलं नाही. म्हणून आता न विचारताच सांगतो.

आबा म्हणजे माझे सासरे. अमरावतीकडे एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर दोघंही आमच्याकडे धायरीला राहायला आली. येताना सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्या आणल्या आणि आबांनी छऱ्यांची बंदूक. बरण्या वर्षभरात संपल्या. बंदूक राहिली.

दसऱ्याला या बंदुकीची पूजा व्हायची आणि मग सगळे गच्चीवर. एका टोकाला वाळूची पोती रचलेली, त्यांच्यापुढे काठीवरून दोऱ्यानं टांगलेलं झेंडूचं फूल. दुसऱ्या टोकाला आबा. एक छरा, फूल खाली! सासूबाई ते उचलून अंबाड्यात खोचायच्या आणि मगच श्रीखंडाच्या पातेल्यावरचं झाकण निघायचं. (आबांचा नेम कधीच चुकला नाही, यामागे श्रीखंडाची प्रेरणा किती होती, हे सांगता येत नाही.)

सासूबाई गेल्या. तुळशीला पाणी घालायचा त्यांचा पितळी तांब्या आबांनी तुळशीच्या कट्ट्यावर पालथा घालून ठेवला. “याले कोणी हात लावायचा नाही,” म्हणाले. कट्टा फुलाच्या डावीकडे, दोन हातांवर. ही जागा लक्षात ठेवा.

खंडेनवमीला बंदूक पुसायचं काम दरवर्षी आबांचं. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी पुसली, तेल दिलं. तिथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण दिवाणखान्यात मोठा आरसा आहे. पोट सुटलेल्या माणसाच्या हातात बंदूक असावी आणि समोर आरसा असावा, यासारखा घातक योग नाही! मी एक पाय पुढे टाकला, डोळे बारीक केले, बंदूक खांद्याला लावली आणि तेलकट हातातून ती सटकली. नळीचं टोक फरशीवर. खण्ण!

नळीच्या टोकाला लोखंडाचा बारीक उभा दात असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती माशी बघायची, माशीवर निशाण धरायचं आणि चाप ओढायचा. ती माशी उजवीकडे कलली होती. मी पक्कड आणली, माशीभोवती फडकं गुंडाळलं आणि अंदाजानं सरळ केली. मान वर केली तर भिंतीवरच्या तसबिरीतून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. कपाळावर ते बंद्या रुपयाएवढं कुंकू. तसबिरीतली माणसं बघतातच, त्यात काही विशेष नाही. पण मी पक्कड ठेवायला आत गेलो, परत आलो, तेव्हा त्या मघापेक्षा जरा जास्त बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी आबांनी नेम धरला. आम्ही श्वास रोखले. छरा सुटला. फूल जागच्या जागी, आणि डावीकडून आवाज आला, टण्ण!

सासूबाईंचा तांब्या.

“वारा असंन,” आबा म्हणाले. वारा नव्हता. दुसरा छरा. टण्ण! तिसरा. टण्ण! तांब्याला पोचा पडला होता तो एकच, एकाच जागी. आबांनी बंदूक खाली केली आणि माझ्याकडे वळले.

“जावईबापू, बंदूक पडली-बिडली नव्हती ना? माशीले हात लावला काय?”

हाच तो क्षण. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“छे! नुसती पुसली,” मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. तांब्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, “मंग बराबर आहे. मंजूची आई बोलावून राहिली.”

मंजू म्हणजे मंजिरी, माझी बायको. तिनं माझ्याकडे बघितलं, मी श्रीखंडाकडे. त्या वर्षी झाकण कोणीच काढलं नाही.

इथून पुढे सगळं बिघडतच गेलं. आबा रोज संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला गच्चीवर जायला लागले. नेम फुलावर धरायचे आणि कान तांब्याकडे. टण्ण! की समाधानानं खाली यायचे. “आली हाक,” एवढंच सांगायचे आणि भाकरी अर्धी टाकून उठायचे. चावीचं घड्याळ वॉचमनला देऊन टाकलं. फिरायला जायचे बूट शेजारच्यांना दिले. “तिकडे कायले लागते बूट?” (सकाळी फिरायला जायची वेळ झाली तेव्हा ते बूट जरा वेळापुरते मागून आणावे लागले. रोज.)

त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेणं थांबवलं, तेव्हा मात्र मंजिरी हादरली.

“आबा, गोळी घ्या.”

“बोलावणं आल्यावर गोळी कायले, मंजू? उगा तिले थांबवायचं!”

खालच्या मजल्यावरच्या देवधर काकूंनी मला जिन्यात गाठलं. “तुमच्याकडे रोज तिन्हीसांजेला एकच भांडं पडतं. दुसरं घ्या आता.” त्यांच्यापुढे मी हसलो, पण मला तो आवाज आता कुठंही ऐकू यायला लागला होता. हडपसरला ऑफिसच्या कँटीनमध्ये कोणाचा चमचा पडला की माझ्या हातातला घास खाली. एकदा आबा गुडघे दाखवायला दवाखान्यात गेलेले, बंदूक कपाटात, घरात मी एकटा. आणि वरून स्पष्ट आवाज आला, टण्ण. मी गच्चीवर गेलो. कोणी नव्हतं. तांब्या जागेवर होता. त्याला हात लावला तर तो गार, आणि तुळशीची माती ओली. (मंजिरीनं सकाळी पाणी घातलं होतं. पण ते मला रात्री आठवलं.)

खरं सांगायला किती वेळ लागतो? दोन वाक्यं. पण ‘नुसती पुसली’ म्हटल्यावर ती दोन वाक्यं रोज थोडी थोडी जड होत गेली. मग मी, भित्रा माणूस काढतो तसा, शहाणपणाचा मार्ग काढला.

“आबा, माशीचा जमाना गेला. आपण दुर्बीण बसवू या. काचेतला क्रॉस फुलावर ठेवायचा, झालं.”

“दुर्बीण?” मी जणू दूध पावडरीचं श्रीखंड सुचवलं होतं. “अहो जावईबापू, खाच, माशी आणि फूल. डोळ्याले एका वेळी एकच साफ दिसते. मंग कोणतं साफ पाहायचं?”

“फूल.”

“माशी! फूल पुसट दिसलं तरी चालते, माशी साफ पाहिजे. मानसानं आधी आपल्या हातातलं पाहावं, मंग दूरचं. पोरांले जिंदगीभर हेच शिकवलं मी.”

मी खाली बघितलं.

“पण दुर्बिणीत सगळं एकदमच स्वच्छ दिसतं, आबा. आणि मोठं.”

“हाताचं थरथरणंबी मोठं दिसते त्यात. आपली नाडीसुद्धा फुलावर उडताना दिसते. आपलंच भेव आपल्याले कायले मोठं करून पाहायचं?”

“तुमचं वय झालं, आबा,” मंजिरी मध्ये पडली. “डोळ्यांना मदत नको? आमचे हे आपणहून काही सुचवतात असं वर्षातून एकदा होतं. घ्या ऐकून.”

वयाचं नाव निघालं आणि आबांनी वाद सोडला. “आणा बाप्पा,” म्हणाले. “मलेबी पाहायचं आहे, डोळे गेले का खरंच बोलावणं आहे.” मी माझ्या पापाची शंका त्यांच्या डोळ्यांवर ढकलली होती, हे तेव्हा नीट समजलं. तरीही मी मंडईजवळच्या दुकानातून दुर्बीण आणली. बसवून गच्चीवर नेली. चांगली जड, काळीभोर, दोन्ही टोकांना काच.

त्या रविवारी संध्याकाळी आभाळ तांबूस झालं होतं. सिंहगडाचा डोंगर काळा पडत चाललेला. आबांनी बंदूक खांद्याला लावली, डोळा काचेला टेकवला आणि थिजले.

“आबा?”

“आली,” ते कुजबुजले. “मंजूची आई. समोर उभी आहे.”

“कुठे?”

“कपाळ दिसून राहिलं. कुंकू केवढं मोठं!” त्यांच्या आवाजात भीती नव्हती, तेच भयंकर होतं. आनंद होता! त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि हात जोडले. “पाहा तुमी.”

मी बघितलं.

लाल होतं. गोल, तांबडंलाल, कडेला पिवळसर, आणि मधून तो काळा क्रॉस गेलेला. फुलाच्या जागी तेच. मी बंदूक पाण्याच्या टाकीकडे फिरवली, तेच! समोरच्या बिल्डिंगवर, तेच! डोंगराकडे वळलो तर कपाळ माझ्याबरोबर वळलं. मी जिथं बघेन तिथं सासूबाई आधीच पोहोचलेल्या.

आणि इतकी वर्षं शांत असलेला जावई गच्चीवर बसकण मारून ओरडायला लागला.

“सासूबाई, माफ करा! मीच पाडली बंदूक! आरशापुढे पोझ घेत होतो! माशी मीच वाकवली, पक्कडीनं! आबांना खोटं सांगितलं! आणि डिंकाच्या लाडवांचा डबासुद्धा मीच संपवला होता, तुम्ही मांजराला हाकललंत!”

“अहो!” मंजिरी चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या दारात उभी होती. “कोणाशी बोलताय?”

“तुझ्या आईशी.”

“दुर्बिणीतून?”

तिनं ट्रे ठेवला, बंदूक माझ्या हातातून काढून घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाली, “यात ओरडण्यासारखं काय आहे? नवी वस्तू घरात आली, मी हळदकुंकू लावलं.”

“काचेला?”

“मग कुठे? टीव्हीलासुद्धा काचेलाच लावलं होतं. तेव्हा नाही तुम्हाला कोणी दिसलं!” तिनं ओढणीनं काच पुसली, मग माझी पापणी, मग आबांची भुवई. आम्हा दोघांच्याही डोळ्याला कुंकू लागलं होतं.

काच पुसून झाल्यावर ती थांबली. मी काय काय ओरडलो होतो, ते तिच्यापर्यंत आता पोहोचलं असावं. “गोळ्या बंद केल्या होत्या त्यांनी,” ती एवढंच म्हणाली. मला वाटलं, ट्रे डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं.

आबांनी खिशातून चष्मा काढला, नळीच्या टोकाकडे नीट बघितलं. “उजवीकडं कलली आहे,” स्वतःशीच म्हणाले. “माशी उजवीकडं गेली का छरा डावीकडं जाते. पहिल्याच छऱ्याले मले शंका आली होती. पण तुमी म्हणलं हात नाही लावला. जावयाच्या शब्दावर शंका कशी घेऊ? मंग स्वतःवर घेतली.”

त्यांनी दुर्बीण उतरवायला लावली, पक्कड मागितली आणि एका हलक्या झटक्यात माशी सरळ केली. नेम धरला. छरा सुटला. झेंडूचं फूल खाली!

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

आबा तसेच उभे होते, कान डावीकडे देऊन. काहीच आवाज आला नाही. ती शांतता त्या लाल कपाळापेक्षा भीतिदायक होती. तांब्या पालथा, गप्प. उचलायला कोणी नसलेलं ते फूल वाळूवर पडलेलं.

“म्हणजे बोलावलं नव्हतं तिनं,” आबा म्हणाले. त्यांचा चेहरा, काय सांगू, सुटीत वसतिगृहातली सगळी पोरं घरी गेल्यावर एकटं उरलेल्या पोरासारखा.

मंजिरीनं फूल उचललं, क्षणभर घुटमळली, आणि स्वतःच्या केसात खोचलं. मग गोळीचं पाकीट पुढे केलं. आबांनी गोळी घेतली, चहाबरोबरच गिळली. कप खाली ठेवला आणि पक्कड माझ्यापुढे धरली.

“जावईबापू, गोळ्या घेतो मी रोज. कुठं जात नाही. पण ती माशी होती तशी वाकडी करून द्या. तुमच्याच हातानं. दिवसातून एकदा आवाज आला तर बरं वाटते.”

मी माशी वाकवली. छरा वाळूत. आणखी वाकवली. छरा तुळशीच्या कुंडीत. थोडी मागे घेतली. पाण्याच्या टाकीला भोक, आणि खालून देवधर काकू, “आज भांडं बदललं वाटतं!” तेव्हापासून दर रविवारी आबा खुर्ची टाकून बसतात, मंजिरी गोळी आणि चहा आणते आणि मी पक्कड घेऊन खटपट करतो. तांब्याला अजून एकही छरा लागलेला नाही. आयुष्यात एकच काम मी नेमकं केलं होतं, आणि नेमकं तेच ‘मी केलं नाही’ म्हणून सांगून बसलो.