बाराचा पाढा आणि गाडीचा पडदा

भुईगावच्या आमच्या घराचं अंगण अरुंद आहे. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला बावखल, म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं तळं. गाडी आत आणली की वळवायला जागा नाही. बाहेर जायचं तर मागे मागेच जावं लागतं.

आधी आमच्याकडे केळी न्यायचा टेम्पो होता. हे तो मागे घेत, तेव्हा मी पाठीमागे उभी राहायची. सासरे ओट्यावर बसलेले असत. त्यांच्यासमोर नवऱ्याला मोठ्याने "या, या" म्हणायचं मला जमत नसे. म्हणून मी टेम्पोच्या मागच्या फळीवर हात मारायची. एक थाप म्हणजे या, दोन म्हणजे थांबा.

सासरे म्हणत, "सूनबाई, बैल हाकतेस की नवरा?"

मी पदरात तोंड लपवायची. पण ते काम मला आवडत असे.

एकदा मी तापाने पडले होते. ह्यांनी एकट्यानेच टेम्पो मागे घेतला आणि मागचं चाक बावखलात उतरलं. तेव्हापासून मागे जायची ह्यांना धास्तीच बसली. पुढे टेम्पो विकून जुनी गाडी घेतली. मुंबईच्या पहिल्या मालकाने तिच्यात गाणी वाजवायचा पडदा बसवलेला होता आणि मागे कॅमेरा. गाडी मागे घेताना पाठीमागचं सगळं त्या पडद्यावर दिसे.

"आता तू चिखलात उभी राहू नकोस," हे म्हणाले.

पडदा मात्र लगेच चालू होत नसे. चावी फिरवली की आधी काळोख, मग कंपनीची खूण, मग एक चक्र फिरत राही. ते थांबेपर्यंत हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहत. मी ओट्यावरून बघत मनात बाराचा पाढा म्हणायची. बारा दाहे वीसाशे झालं तरी चक्र फिरतच असे. मग तेराचा सुरू करायची. शाळेतलं तेवढंच मला पक्कं आठवत होतं.

सासरे म्हणत, "बाई नटायला आरसा बघते, हा गाडी हाकायला बघतो. त्यात आरशालाच आधी झोपेतून उठवायचं."

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी सासरे केळीची पानं कापायला वाडीत गेले आणि त्यांच्या पायाला फुरसं चावलं. ते स्वतःच लंगडत अंगणात आले. "फुरसं होतं, मी बघितलं," एवढंच म्हणाले. ह्यांनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं. सासूबाई शेजारी बसल्या. ह्यांनी काचा वर केल्या, चावी फिरवली.

काळोख. खूण. चक्र.

ह्यांना धीर धरवेना. त्यांनी चावी बंद करून पुन्हा फिरवली, तशी पडद्याने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा काळोख, पुन्हा खूण. हे घामाने भिजले होते. मागे वळून बघत होते, पण पाय ब्रेकवरून काढत नव्हते. तिसऱ्यांदा चावी फिरवली.

मी ओट्यावर उभी होते. मला माहीत होतं काय करायचं ते. पहिल्याच वेळी माहीत होतं. पण मला कोणी बोलावलं नव्हतं, आणि ते काम आता माझं राहिलं नव्हतं. एकदम लक्षात आलं की माझ्या तोंडी पाढा चालू आहे. बारा साते चौऱ्यांशी.

मी धावत गाडीमागे गेले आणि डिकीवर थाप मारली. बंद काचांतून ह्यांना ऐकू गेली नाही. पुन्हा मारली. मग मी ओरडले, "अहो, या मागे. मी आहे. या."

त्या घरात माझा आवाज तेवढा मोठा कधी झाला नव्हता. ह्यांनी काच खाली केली. मी बावखलाच्या काठाने मागे सरकत होते. "या. अजून या. माडाकडे घ्या. थांबा. या." गाडी रस्त्याला लागली, तेव्हा सासरे काचेतून माझ्याकडे बघत होते.

ते वाचले. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. "अजून लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर ह्यांना म्हणाले. ते किती लवकर म्हणत होते, हे कोणी विचारलं नाही. मी तर खोलीबाहेर उभी होते.

घरी आल्यावर सासरे येईल त्याला सांगत, "मला सुनेने बाहेर काढलं. पडदा झोपला होता, ही जागी होती." गाडी निघाली की ओट्यावरून म्हणत, "सूनबाई, आवाज दे." आणि मी देत असे. लोक कौतुकाने बघत. मी खाली बघायची, लाजते असंच सगळ्यांना वाटे.

खूपदा ठरवलं की त्यांना सांगावं, बाबा, मी आधी उभी राहून पाढा म्हणत होते. चहा देताना शब्द ओठांवर येत आणि कपबशी ठेवून मी आत जाई.

ते गेले तेव्हा शेवटचा नमस्कार करायला मी वाकले. हात त्याच पायावर पडला, बोटं नव्हती तिथे. मागे बायका रांगेत थांबल्या होत्या. मी जरा वेळ हात तसाच ठेवला. तेव्हासुद्धा मनातच सांगितलं.